ग्लुकोज फुकट जातं की भाडं देऊन?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. पेशीपटलातून रेणू कसे ये-जा करतात याचे प्रकार मला पाठ आहेत. साधं विसरण, प्रथिनाच्या मदतीनं होणारं विसरण, सक्रिय वहन, सहवहन. पण ग्लुकोज एका पानावर 'निष्क्रिय' रकान्यात असतं आणि दुसऱ्या पानावर 'सक्रिय' रकान्यात. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारलं. आधी एक उत्तर दिलं, सरांच्या भुवया वर गेल्यावर दुसरं दिलं, आणि दोन्हीकडून गेले. खरं काय? आणि अजून एक, आजी म्हणते जुलाबात गोड देऊ नये. मग ओआरएसमध्ये साखर कशाला?"

तुझी दोन्ही उत्तरं बरोबर होती, प्रश्न अर्धवट होता. "कुठल्या पेशीत, आणि पेशीच्या कुठल्या बाजूला?" असं उलट विचारायला हवं होतंस. तोंडी परीक्षेत ते धाडस होत नाही, हे मला ठाऊक आहे. फुकट (निष्क्रिय) की ऊर्जेचं भाडं देऊन (सक्रिय), हे ग्लुकोजच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, तिथे कुठलं प्रथिन बसलंय त्यावर ठरतं. आतड्याच्या एकाच पेशीत ते पुढच्या दारानं भाडं भरून आत येतं आणि मागच्या दारानं फुकट बाहेर पडतं. तुझ्या आजीच्या शंकेचं उत्तरही त्याच पेशीत आहे, म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच घेते. मी सुरुवातीला तीन वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, मग मेडिसिन केलं, आणि आता वीसेक वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. शिकवताना मीही ते रकानेच फळ्यावर काढायचे. ते पुसायला लावलं पेशंटांनी.

आधी भिंत बघू. पेशीपटल म्हणजे मुळात तेलाचा पापुद्रा. मिसळीवरची तर्री रश्श्यात का मिसळत नाही, ते ज्याला कळतं त्याला पटल अर्धं कळलं. फॉस्फोलिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याला धार्जिणं आणि शेपट्या पाण्याला विटलेल्या. असे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या शेपट्यांना लावून, डोकी बाहेर काढून दुहेरी थर करून बसतात. १९२५ साली हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या पेशींमधली सगळी चरबी काढून पाण्यावर एकेरी पसरली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. थर दुहेरी आहे, हे त्यावरून सुचलं. प्रथिनं धरून या भिंतीची जाडी सात-आठ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत अशा दहा हजार भिंती शेजारी शेजारी मावतील.

या तेलात जे विरघळतं ते कुणाची परवानगी न घेता आरपार जातं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, दारू, भूल देण्याचे वायू, स्टेरॉइड हार्मोन्स. दारू पोटातूनच शोषली जायला लागते ती याचमुळे. उलट सोडियमचा आयन, म्हणजे भार असलेला अणू, घे. एवढासा जीव, पण पाण्यात तो कधी एकटा नसतो, पाण्याचे रेणू त्याला मुंगळे गुळाला लागावेत तसे चिकटलेले असतात. ते सोडून तेलात शिरायचं तर एवढी ऊर्जा लागते की नुसत्या लिपिडच्या थरातून सोडियम जवळजवळ जातच नाही. पाण्याचे रेणू त्यातून थोडेफार झिरपतात, सोडियमचा वेग त्यांच्या अब्जाव्या हिश्श्याहूनही कमी. ग्लुकोज या दोघांच्या मधे कुठेतरी, पण पेशीच्या भुकेच्या हिशेबात तेही शून्यच.

म्हणून प्रथिनं. आपल्या जनुकांपैकी साधारण चौथा हिस्सा पटलात बसणाऱ्या प्रथिनांसाठी राखलेला आहे, यावरून त्यांची गरज कळावी. पटलात किती प्रथिन असावं हेही कामावर ठरतं. मज्जातंतूवरच्या मायलिनचं काम नुसतं झाकायचं, तर त्यात वजनानं पाचवा हिस्सा प्रथिन. तांबड्या पेशीच्या पटलात निम्मं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर, त्याच्या आतल्या पटलात कामाची झुंबड, तिथे पाऊण हिस्सा प्रथिन आणि लिपिड नावाला. प्रथिनाची साखळी पटलातून आरपार जाते ती बहुधा मळसूत्रासारखा पीळ घेऊन. वीसेक अमिनो आम्लांचा एक पीळ भिंतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पुरतो. असे सहा, सात, बारा पीळ गोल उभे राहिले की बाहेरून तेलकट आणि आतून पाण्याला चालेल असा मार्ग तयार होतो.

या मार्गांचे दोन स्वभाव आहेत, आणि तुझे सगळे रकाने यातूनच निघतात. एक चॅनेल. दार उघडलं की आरपार बोगदा, सेकंदाला कोट्यवधी आयन निघून जातात. दुसरा वाहक, ज्याला आपण ट्रान्सपोर्टर म्हणतो. याची दोन्ही दारं एका वेळी कधीच उघडी नसतात. बाहेरचं दार उघडं, माल आत बसला, ते मिटलं, मग आतलं उघडलं. त्यामुळे तो हळू, सेकंदाला शेकड्यांत किंवा हजारांत. पण जोडीनं माल न्यायची, एकाच्या जोरावर दुसऱ्याला ओढायची करामत त्यालाच जमते. बोगद्याला ती कधीच जमणार नाही, कारण बोगद्यात सगळं उताराच्याच दिशेनं, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, धावतं.

चॅनेल म्हणजे नुसतं भोक असं मात्र समजू नकोस. वर्गातून मला नेहमी विचारलं जायचं, की पोटॅशियमच्या चॅनेलमधून पोटॅशियम जातो तर त्याच्याहून लहान असलेला सोडियम का जात नाही? चाळणीतून मोठा खडा पडतो आणि लहान अडकतो, हे कसं? उत्तर १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेनं एका जिवाणूच्या चॅनेलचा अणूनिशी नकाशा काढला तेव्हा डोळ्यांना दिसलं. चॅनेलच्या अरुंद भागात प्रथिनाचे ऑक्सिजन अणू आत तोंड करून अशा अंतरावर बसलेत, की पोटॅशियमला बाहेर पाण्याच्या रेणूंनी जसं धरलं होतं तसंच ते आत धरतात. त्याला पाणी सोडताना काही तोटा होत नाही. सोडियम लहान, तो त्या ऑक्सिजनपर्यंत पोचत नाही. पाणीही सुटणार आणि नवा आधारही मिळणार नाही, मग तो कशाला शिरेल? अडवणूक मापाची नाही, सौद्याची आहे. चॅनेलमधल्या या भागाचं चित्र मी दोन दिवस वहीत काढत बसले होते, इतकं ते मला देखणं वाटलं.

पाण्याच्या दाराची गोष्ट अपघातानं उघड झाली. अमेरिकेत पीटर ॲग्रे आरएच रक्तगटाच्या प्रथिनामागे होते, त्यांच्या नमुन्यात एक भलतंच प्रथिन सारखं येत राहिलं. तांबड्या पेशीत भरपूर, मूत्रपिंडात भरपूर, पण काम माहीत नाही. १९९२ साली त्यांनी त्या प्रथिनाचा संदेश-आरएनए, म्हणजे ते बनवायची चिठ्ठी, बेडकाच्या अंड्यांत टोचला. बेडकाची अंडी तळ्याच्या पाण्यात राहणारी, सहसा फुगत नाहीत. ही अंडी पातळ द्रावणात टाकल्याबरोबर फुगली आणि लाह्यांसारखी फुटली. तेच ॲक्वापोरिन. एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला तीनेक अब्ज पाण्याचे रेणू जातात, एकामागे एक, आणि तरी त्यांच्या रांगेतून एक प्रोटॉनसुद्धा चोरून निघत नाही. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ॲग्रे आणि मॅकिनन या दोघांना मिळालं.

पाणी स्वतः मात्र कुणी पंपानं ढकलत नाही. शरीरात पाण्याचा पंप नाही, हे ठळक अक्षरात लिहून ठेव. पाणी क्षारांच्या आणि साखरेच्या मागून जातं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालायचं हे घरातल्या कुणीतरी तुला शिकवलं असेल. आधी घातलं तर वाडग्यात पाणी सुटतं. ते पाणी कुणी पिळलेलं नसतं. मीठ बाहेर, म्हणून पाणी बाहेर. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटर. मधलं सगळं असंच क्षारांमागे परत येतं.

आता भाड्याकडे येऊ. भाडं सुरू होतं एका पंपापासून. पेशीबाहेर लिटरमागे १४० मिलिमोल (कण मोजायचं एकक) सोडियम, आत दहा-बारा. पोटॅशियमचं उलट, बाहेर चार-पाच आणि आत १४०. हा फरक आपोआप टिकत नाही, कारण गळती चालूच असते. सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचं नाणं, मोडून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. दिवसरात्र. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी तो १९५७ साली दाखवला, तोही खेकड्याच्या पायातल्या नसांचा चुरा करून. नोबेल मिळालं ते चाळीस वर्षांनी, १९९७ ला. मेंदूला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा हा एकटा पंप खातो.

हा पंप थांबला तर काय होतं ते मी पुस्तकाआधी एका सात वर्षांच्या मुलात बघितलं. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आपल्याकडे देवळाच्या आवारात आणि शाळेच्या कुंपणाला असते. पोरं तिच्या बिया खेळायला घेतात. याने फोडून आतला गर खाल्ला होता. उलट्या, मग गळून गेला. नाडी मिनिटाला ४४, मधेच ठोके चुकत होते. रक्तातलं पोटॅशियम सहाच्या वर. कण्हेरीचं विष आणि हृदयविकारात देतात ते डिगॉक्सिन, दोन्ही याच पंपाला बाहेरून पकडून ठेवतात. पोटॅशियम आत ओढणारं कुणी राहिलं नाही, म्हणून ते रक्तात साचलं. पेशीत सोडियम वाढलं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर काढणारा वाहक अडला, कॅल्शियम साचून हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले. डॉक्टर हाच परिणाम मोजून-मापून थोडासा घडवतात तेव्हा त्याला औषध म्हणतात. मुलाला जिल्ह्याला पाठवलं, तो वाचला. त्याच्या ईसीजीच्या पट्टीची झेरॉक्स पुढे शिकवताना मी विद्यार्थ्यांना दाखवत असे.

तर पंपानं एटीपी खर्चून सोडियमचा उतार तयार केला. हा उतार म्हणजे बँकेत टाकलेली शिल्लक. आता बाकीचे वाहक काय करतात? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. स्वतः एटीपीला हात लावत नाहीत, सोडियम उतारावरून आत घसरतोय त्याच्याबरोबर आपला माल आत ओढून घेतात. सहवहन म्हणतात ते हेच. म्हणूनच त्याला 'दुय्यम सक्रिय' हे विचित्र नाव पडलंय. खर्च झालाय, पण पावती दुसऱ्याच्या नावावर आहे.

लहान आतड्याच्या पेशीत हे स्पष्ट दिसतं. पेशीचं अन्नाकडचं तोंड ब्रशसारखं, मागची बाजू रक्ताकडे. शेजारशेजारच्या पेशी गळ्याशी घट्ट शिवलेल्या, त्यामुळे पुढच्या बाजूची प्रथिनं पुढेच राहतात आणि मागची मागेच. पंप मागे आहे. पुढे आहे एसजीएलटी-१ नावाचा वाहक, जो दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदम घेतो. दोनच का, याला कारण आहे. सोडियमचा रासायनिक उतार आणि पेशीच्या आतला ऋण भार धरून हिशेब केला, तर एका सोडियमच्या जोरावर ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा नव्वद-शंभर पट साठवता येईल. दुसरा सोडियम आला की ते आकडे बेरजेत जात नाहीत, गुणाकारात जातात. शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार पटींच्या घरात. आतड्यात साखरेचा शेवटचा कण राहिला तरी तो उचलता येतो तो या दुसऱ्या सोडियममुळे. पेशीत ग्लुकोज साचलं की मागच्या भिंतीवर ग्लूट-२ नावाचा साधा वाहक असतो, त्यातून ते रक्ताकडे उतारानं निघून जातं. भाडं नाही, सोडियम नाही.

हे झालं तुझ्या तोंडी परीक्षेचं उत्तर. आतड्यात पुढून सक्रिय, मागून निष्क्रिय. तांबड्या पेशीत ग्लूट-१, निष्क्रिय. स्नायूत ग्लूट-४, तोही निष्क्रियच, फक्त इन्सुलिन आल्याशिवाय तो पटलावर येत नाही, आत थैल्यांमध्ये पडून असतो. व्यायामानंही तो बाहेर येतो, इन्सुलिनशिवाय. मधुमेहाच्या पेशंटला चाला म्हणतो ते उगीच नाही. "इन्सुलिन ग्लुकोज आत ढकलतं" असं मात्र पुन्हा लिहू नकोस. ते ढकलत नाही, फक्त दारं आणून लावतं. (मोठी प्रथिनं, विषाणू वगैरे पटलाच्या खळग्यात गुंडाळून आत घेतले जातात तो मामलाच वेगळा, त्यावर इथे वेळ घालवत नाही.)

आता आजी. रोज आतड्यात आठ-नऊ लिटर द्रव येतो. दोनेक लिटर आपण खाल्ल्या-प्यायल्याचा, बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा. शौचात जातो शंभर-दोनशे मिलिलीटर. म्हणजे आतडं रोज एवढं पाणी सोडतं आणि जवळजवळ सगळं परत घेतं. हा समतोल जरासा ढळला तरी पुरे. कॉलऱ्यात तो पार उलटतो. कॉलऱ्याचे जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाहीत, तिला मारतही नाहीत. ते एक विष सोडतात. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली जंतू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानंही सशाच्या आतड्यात पाणी भरतं हे दाखवलं, तेव्हा ही गोष्ट सिद्ध झाली. ते विष पेशीत एक बटण दाबून ठेवतं, सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला निरोप्या रेणू वाढत जातो, आणि पुढच्या भिंतीवरचं सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं चॅनेल उघडं ते उघडंच राहतं. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, वाईट अवस्थेत तासाला एक लिटर. (हेच सीएफटीआर जन्मतःच बिघडलेलं असलं तर सिस्टिक फायब्रोसिस होतो. तिथे पाणी सुटतच नाही, कफ डिंकासारखा घट्ट. एकच दार, सताड उघडं राहिलं तरी पंचाईत आणि गंजून बसलं तरी.)

यात एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. सीएफटीआरमधून बाहेर पडायला पेशीत आधी क्लोराइड साठलेलं पाहिजे. ते साठवतो मागच्या भिंतीवरचा आणखी एक वाहक, जो एका सोडियमच्या जोरावर एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत ओढतो. म्हणजे जुलाबाचं पाणीसुद्धा त्याच सोडियमच्या शिल्लकीवर वाहतं. आणि उपाय? तोही त्याच शिल्लकीवर. कारण कॉलऱ्याचं विष मिठाचं नेहमीचं शोषण बंद पाडतं, पण एसजीएलटी-१ ला हात लावत नाही. नुसतं मीठ-पाणी पाजलं तर ते शोषलं जात नाही, जुलाबातच निघून जातं. त्यात ग्लुकोज घातलं की तो वाहक चालू होतो, दर ग्लुकोजमागे दोन सोडियम आत, आणि मागोमाग पाणी, पेशींतूनही आणि पेशींमधल्या फटींतूनही. क्लोराइडचा नळ वाहतोच आहे, त्याला कुणी बंद केलेलं नाही. म्हणून ओआरएस दिलं तरी जुलाब लगेच थांबत नाहीत. आयांची पहिली तक्रार हीच असते: "पाजलं, पण संडास तेवढीच होतीये." होणारच. मूल सुकत नाहीये ना, ते बघायचं. ओआरएसमधली साखर ही ताकदीसाठी किंवा चवीसाठी नाही. ती सोडियमचं तिकीट आहे.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. तिथून ढाका आणि कोलकात्याच्या वॉर्डांत तिची परीक्षा झाली. खरी कसोटी १९७१ साली. बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित सीमेवर बनगावला आले, कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस तिथल्या रुग्णालयात होते. त्यांनी बाजारातून मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा आणला. लिटरमागे ३.५ ग्रॅम मीठ, २२ ग्रॅम ग्लुकोज, २.५ ग्रॅम सोडा. कोलकात्यात पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात मग दिले. आधी शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. नर्स नव्हे, सलाइनची सुई नव्हे, आईच्या हातातला मग. २०२२ साली ते गेले, पद्मविभूषण त्यानंतर जाहीर झालं.

आता घरातली ओआरएसची पुडी घे आणि मागची बाजू वाच. एका लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. कागद घेऊन मोल काढ. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून ४५ च्या आसपास सोडियम आणि सायट्रेटमधून तीस, मिळून तेही ७५. पोटॅशियम २०, क्लोराइड ६५, सायट्रेट १०. सगळ्यांची बेरीज २४५. रक्ताची तीव्रता २९० च्या आसपास, म्हणजे पुडीचं पाणी रक्तापेक्षा किंचित पातळ, शोषलं जायच्या बाजूचं. जुन्या सूत्राची बेरीज ३११ होती. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती खाली आणली, कारण पातळ द्रावणानं मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात हे दिसलं होतं. तू विचारशील, वाहकाला दोनास एक लागतं तर पुडीत एकास एक का? कारण आतड्यात सोडियम आधीच वाहून येतोय, तो आपल्याला सगळा पुडीतून द्यावा लागत नाही. आणि साखर-मीठ दोन्ही वाढवलं तर बेरीज वाढते.

ही बेरीज चुकली तर काय होतं? एकदा एका आईनं तान्ह्या मुलाला दिवसभर ओआरएस पाजून संध्याकाळी आणलं. जुलाब वाढले होते, पोर तहानेनं वेडं झालं होतं, त्वचा कणकेसारखी लागत होती. विचारलं, पुडी कशात कालवली? तिने हाताने फुलपात्राएवढं माप दाखवलं. लिटरची पुडी एका फुलपात्रात. २४५ ऐवजी हजाराच्या वर. आतड्यात काकडीच्या कोशिंबिरीचं झालं: पाणी आत जायच्या ऐवजी बाहेर ओढलं गेलं, आणि जे मीठ शोषलं गेलं ते रक्तात साचलं. चूक तिची नव्हती. दुकानातून पुडी हातात देताना कुणीच काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी टेबलावर एक लिटरची रिकामी बाटली ठेवते, आणि पुडी लिहून देताना ती दाखवते. २०० मिलिलीटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. घरची साखर आतड्यात फुटून निम्मं ग्लुकोज होते, तेवढं चालतं. कोकणात आणि गोव्यात मीठ घालून पेज देतात ती तर फार शहाणी गोष्ट आहे: भाताचं पीठ हळूहळू ग्लुकोज सोडतं, बेरीज वाढत नाही.

आजी अगदीच चुकीची नाही, हे तिला सांग. बाटलीतलं सरबत, थंड पेय, खोक्यातला फळांचा रस, यात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि सोडियम जवळपास नाही. तिकिटं ढीगभर, प्रवासी नाहीत, आणि न शोषलेली साखर पाणी ओढून आणते. असल्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातली. आजी ज्या गोडाबद्दल बोलते ते हे गोड.

आता परीक्षेसाठी एक शेवटची जोडी, कारण ती हमखास विचारतात. एसजीएलटी-१ चा धाकटा भाऊ एसजीएलटी-२ मूत्रपिंडात असतो. गाळलेलं ग्लुकोज दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर असतं, त्यातलं नव्वद टक्के हा एकटा परत घेतो, इथे एका ग्लुकोजला एकच सोडियम. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं गेलं. ते या दोन्ही भावांना अडवतं. त्याच्यावरून पुढे फक्त धाकट्याला अडवणाऱ्या गोळ्या झाल्या, डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे, आणि आता मधुमेहात त्या सर्रास देतो.

अशीच एक गोळी सुरू केलेले एक आजोबा महिन्यानं घाईघाईनं आले. तीस वर्षांपूर्वी त्यांचा मधुमेह कळला होता तो मोरीत मुंग्या लागल्या म्हणून. आता पुन्हा मुंग्या. त्यात कुणीतरी लघवी तपासून आणली, साखर चार अधिक. गोळीनं बिघडवलं म्हणून त्यांनी ती दोन दिवस बंदही केली होती. रक्त तपासलं, उपाशीपोटीची साखर ११२, आधी १८० च्या घरात असायची. मी त्यांना कागदावर मूत्रपिंडाची नळी काढून दाखवली, त्यात एक दार, आणि दारावर फुली मारली. त्यांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे ती साखर माझ्यातनं चाललीये, माझ्यात येत नाहीये?" हो म्हटलं. पाणी भरपूर प्या, जागा स्वच्छ ठेवा, आणि लघवीची साखर पुन्हा तपासू नका, ती येतच राहणार. जाताना तो कागद ते घेऊन गेले, घरी दाखवायला.